आईबाबा ग्रीनकार्डवर न्यू जर्सीला चाललेत, तिथला मेडिक्लेम कसा घ्यायचा?

मुलुंडची_मनू

नमस्कार मंडळी. एरवी वाचनमात्र असते, गरजेपोटी धागा काढतेय.

दादा एडिसनला, न्यू जर्सीत. तो तिकडचा नागरिक झाल्यावर त्याने आईबाबांचे कागद टाकले होते, ते मार्गी लागले. बीकेसीत अमेरिकन वकिलातीत मुलाखत झाली, व्हिसाचे पासपोर्ट घरी आले. बाबा ७१, महापालिकेच्या जल खात्यातून निवृत्त, पेन्शन आहे. आई ६७, गृहिणी. बाबांना साखर आणि बीपी, वर एक स्टेंट. आईला थायरॉइड आणि गुडघे. दोघांचा इथला फॅमिली फ्लोटर मेडिक्लेम वर्षानुवर्षं चालू आहे आणि नेमका मार्चमध्ये नूतनीकरणाला येतोय.

बाबांचं म्हणणं, "दादाच्या कंपनीचा विमा असेलच, त्यात आमची नावं घालायची." माझ्या कंपनीच्या ग्रुप पॉलिसीत माझ्या सासूबाई आहेत, त्यामुळे त्यांना ते सहज वाटतं. दादा म्हणतो, तिकडे कंपन्या बायको-मुलांपलीकडे कुणाला घेत नाहीत, तुम्ही या तर खरं, आल्यावर बघू. हे 'आल्यावर बघू' मला झेपत नाहीये. शिवाय कुणीतरी आईला सांगितलंय की विमा नसेल तर विमानतळावरूनच परत पाठवतात. तेव्हापासून ती रोज विचारतेय.

तर, इथून काही घेऊन जायचं का, तिकडे काय मिळतं, कधी मिळतं, किती पडतं आणि इथला मेडिक्लेम बंद करायचा का? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

ठाणे_फास्ट

वाचतोय. आमचेही पुढच्या वर्षी आहेत रांगेत.

खारी_बिस्कीट

सासूसासऱ्यांसाठी आम्ही व्हिजिटर इन्शुरन्स घेतला होता. ऑनलाइन दहा मिनिटांत होतो, पासपोर्ट नंबर आणि जन्मतारीख टाकायची, झालं. सहा महिन्यांचा घ्या आणि निश्चिंत व्हा. एवढा विचार कशाला?

एडिसनचा_गिरगावकर

खारी_बिस्कीट, तुमचे सासूसासरे सहा महिन्यांनी परत येणार होते. मनूचे आईबाबा राहायला चाललेत. तिथेच सगळा फरक आहे.

मनू, आधी आईंची भीती काढा. २०१९ मध्ये ट्रम्प यांनी असा हुकूम काढला होता खरा, की आल्यापासून ३० दिवसांत विमा घेणार असल्याचं दाखवलं नाही तर ग्रीनकार्डचा व्हिसा नाही. कोर्टाने तो अडवला आणि २०२१ मध्ये बायडन यांनी मागे घेतला. नोव्हेंबर २०२५ मध्ये वकिलातींना सूचना गेल्याच्या बातम्या होत्या, की जुने आजार असतील तर त्यांचा खर्च कोण करणार हेही तपासा. पण तो प्रश्न व्हिसा देतानाचा. तुमचा व्हिसा हातात आहे. विमानतळावर मेडिक्लेमचं कार्ड कुणी मागत नाही.

आता व्हिजिटर इन्शुरन्स. त्याचे दोन प्रकार. एकात प्रत्येक गोष्टीला ठरावीक रक्कम असते: डॉक्टरांची भेट इतके, खाटेचा दिवस इतके. स्वस्त असतो म्हणून मुलं तोच उचलतात, आणि तिथलं बिल बघितलं की ती रक्कम कुठल्या कोपऱ्यात गेली ते कळतही नाही. दुसरा कॉम्प्रिहेन्सिव्ह, डिडक्टिबल (म्हणजे आधी आपल्या खिशातून भरायची ठरावीक रक्कम) झाल्यावर कमाल मर्यादेपर्यंत टक्केवारीने देतो. तो बरा. पण दोन्हींत जुने आजार वगळलेले असतात. जाहिरातीत मोठ्या अक्षरांत 'अ‍ॅक्यूट ऑनसेट' लिहिलेलं दिसेल, म्हणजे जुना आजार अचानक, काही सूचना न देता उसळला आणि लगेच उपचार घेतले तर. बऱ्याच पॉलिसींत सत्तरीनंतर त्याची मर्यादा एकदम खाली येते किंवा ते कलम लागूच होत नाही. बाबा ७१ आहेत. स्टेंट आहे. छातीत दुखलं तर विमा कंपनीचा पहिला प्रश्न काय असेल ते तुम्हीच सांगा.

इथून जाताना मिळणारा प्रवासी विमाही परत येणाऱ्या प्रवाशासाठी असतो. स्थायिक व्हायला जाणाऱ्याने त्यावर विसंबू नये.

खरा विमा मिळतो मार्केटप्लेसवर, म्हणजे ओबामाकेअर कायद्याखालच्या सरकारी विमा-बाजारात. न्यू जर्सीचं स्वतःचं आहे, गेट कव्हर्ड एनजे. ग्रीनकार्डवाला पहिल्या दिवसापासून पात्र. जुने आजार विचारत नाहीत, प्रतीक्षाकाळ नाही, मेडिकल टेस्ट नाही. मधुमेह आहे म्हणून एक डॉलर जास्त लावता येत नाही. वयाचा मात्र लावतात: ६४ आणि त्यावरच्यांचा दर एकवीस वर्षांच्या मुलाच्या जास्तीत जास्त तिप्पट. म्हणजे ७१ ला ६४ चाच दर, हे त्यातल्या त्यात बरं.

एरवी नावनोंदणी हिवाळ्यातच असते. पण बाहेरदेशातून राहायला आल्यावर ६० दिवसांची खास मुदत मिळते. ती चुकली की पुढच्या हंगामापर्यंत थांबा. 'आल्यावर बघू' म्हणणाऱ्या दादाला हा आकडा मोठ्या अक्षरांत पाठवा.

मुलुंडची_मनू

पाठवला. निळी टिक आली, उत्तर नाही. :)

६० दिवस कधीपासून मोजायचे? सोशल सिक्युरिटी नंबर यायला वेळ लागतो म्हणे, तोपर्यंत अर्ज कसा करणार?

एडिसनचा_गिरगावकर

उतरल्यापासून. नंबरासाठी थांबायचं नाही. पासपोर्टवरचा इमिग्रंट व्हिसा, त्यावर विमानतळावर मारलेला शिक्का आणि व्हिसावरचा 'ए'ने सुरू होणारा नंबर, एवढ्यावर अर्ज होतो. तो शिक्का मारलेला व्हिसा वर्षभर ग्रीनकार्ड म्हणून चालतो. पत्त्याचा पुरावा दादाच्या घरचा.

विमा सुरू होतो प्लॅन निवडल्यानंतरच्या १ तारखेला. म्हणून तिकीट महिन्याच्या शेवटच्या आठवड्यातलं काढा. २५-२६ ला उतरले, दोन दिवसांत प्लॅन निवडला, पहिला हप्ता भरला की १ तारखेपासून चालू. ३ तारखेला उतरलात तर जवळजवळ महिनाभर उघड्यावर. मधल्या दिवसांपुरता कॉम्प्रिहेन्सिव्ह व्हिजिटर किंवा नव्या स्थलांतरितांसाठी असतो तो घ्या. खारी_बिस्कीट यांचा सल्ला तिथे बरोबर बसतो.

चाळीतला_सदस्य

एवढं कशाला? ६५ पूर्ण झालेल्यांना अमेरिकेत मेडिकेअर, म्हणजे सरकारी विमा, फुकट असतं. माझ्या आत्याला आहे.

एडिसनचा_गिरगावकर

आत्याने किंवा यजमानांनी तिथे दहा वर्षं नोकरी केली असणार. ४० तिमाह्या कर भरला की मेडिकेअरचा भाग ए (हॉस्पिटलचा) विनाशुल्क. नव्याने आलेल्याला ते लागू नाही. ग्रीनकार्डवर सलग पाच वर्षं राहिल्यावर, आणि वय ६५ वर असल्यास, मेडिकेअर विकत घेता येतं. २०२६ चे दर: भाग ए महिना ५६५ डॉलर, भाग बी (डॉक्टरांचा) २०२.९० डॉलर. माणशी. औषधांचा भाग डी वेगळा. फुकट काही नाही, पण मार्केटप्लेसपेक्षा स्वस्त.

मेडिकेडलाही (कमी उत्पन्नवाल्यांचा सरकारी विमा) बहुतेक राज्यांत हीच पाच वर्षांची आडकाठी. न्यूयॉर्क, कॅलिफोर्निया स्वतःच्या पैशाने नव्या ग्रीनकार्डवाल्यांना घेतात. न्यू जर्सी मुलांना आणि गरोदर बायकांना घेते, तुमच्या बाबांना नाही. म्हणून वॉट्सॅपवर "माझ्या मावसभावाच्या आईला सगळं मोफत मिळालं" असं कुणी सांगितलं की आधी विचारा, मावसभाऊ कुठल्या राज्यात राहतो?

मुलुंडची_मनू

दादाच्या एका मित्राने सांगितलं की उत्पन्न कमी असेल तर मार्केटप्लेसवर सरकार सवलत देतं, त्याच्या आईवडिलांना महिना शंभर डॉलरसुद्धा पडत नव्हते. आमच्या बाबांचं पेन्शन सोडून काय आहे? मग आम्हालाही तसंच मिळेल ना?

पार्ल्याची_आकडेमोड

मनू, इथे माझं दुकान येतं. सीए आहे, पार्ल्यात बसते, मुलांकडे गेलेल्या आईवडिलांची रिटर्नं हा माझ्याकडचा ठरलेला हंगाम. त्या मित्राचं 'पडत नव्हते' बरोबर आहे, भूतकाळ नीट वाचा. २०२६ पासून तो रस्ता बंद झालाय.

सवलत ठरते त्या घराच्या उत्पन्नावर. घर म्हणजे कोण कुणाबरोबर राहतं ते नाही. कोण कुणाच्या टॅक्स रिटर्नमध्ये आहे ते. दादाने स्पॉन्सर म्हणून सही केली म्हणून त्याचं उत्पन्न इथे आपोआप धरत नाहीत. दोन वाटा असतात.

एक, आईबाबा स्वतःचं रिटर्न भरतील. ग्रीनकार्ड झालं की जगभरातलं उत्पन्न तिकडे दाखवायचं. पेन्शन, एफडीचं व्याज, घरभाडं, आणि इथे करमुक्त म्हणून आपण विसरून जातो ते पीपीएफचं व्याजसुद्धा. समजा पेन्शन महिना ४५,००० आणि दोघांचं मिळून व्याज वर्षाला २ लाख. झाले ७ लाख ४० हजार. डॉलर नव्वद धरला तर ८,२०० डॉलर. आता दोन माणसांच्या घराची अमेरिकन दारिद्र्यरेषा, २०२६ च्या विम्यासाठी जी धरतात ती, आहे २१,१५० डॉलर. आपले १९ लाख रुपये. मुलुंडला बरं खाऊनपिऊन असलेलं जोडपं तिकडच्या कागदावर दारिद्र्यरेषेच्या पार खाली.

२०२५ अखेरपर्यंत नियम असा होता की, रेषेखाली आहात पण पाच वर्षांच्या अटीमुळे मेडिकेड मिळत नाही, तर मार्केटप्लेसवर सवलत घ्या. मित्राचे आईवडील त्यात बसले. जुलै २०२५ मध्ये ट्रम्प सरकारने जो मोठा कायदा केला, त्याने हे कलम १ जानेवारी २०२६ पासून काढून टाकलं. आता रेषेखालच्या नव्या स्थलांतरिताला केंद्राची सवलत शून्य. विमा घेता येतो, पूर्ण दराने.

आणि रेषेच्या जरा वर असाल तर? २२,००० डॉलर उत्पन्नाच्या जोडप्याला ठरलेला सिल्व्हर प्लॅन (ब्रॉन्झ, सिल्व्हर, गोल्ड हे प्लॅनचे चढते दर्जे) २०२६ मध्ये उत्पन्नाच्या २.१ टक्क्यांत मिळतो. वर्षाला ४६२ डॉलर, दोघांचे मिळून. म्हणजे २२ हजारवाल्याला महिना चाळीस डॉलर आणि ८ हजारवाल्याला महिना दोन हजारांच्या वर. माझ्या ऑफिसात हे ऐकून एक निवृत्त मुख्याध्यापक मला म्हणाले, "बाई, तुमचा कॅल्क्युलेटर तपासा."

दुसरी वाट, दादाने आईबाबांना आपल्या रिटर्नमध्ये डिपेंडंट, म्हणजे आपल्यावर अवलंबून, धरायचं. त्यासाठी प्रत्येकाचं ढोबळ उत्पन्न मर्यादेच्या आत हवं. २०२५ साठी ती ५,२०० डॉलर होती. वर धरलेल्या पेन्शनचेच ६,००० होतात. बाबा बाद. आई एकट्या बसू शकतात, पण नवराबायकोचं संयुक्त रिटर्न असेल तर तेही अडतं. आणि समजा दोघं बसलेच, तर घर सहा माणसांचं, दादा, वहिनी, दोन मुलं धरून. केंद्राची सवलत रेषेच्या चौपटीपर्यंतच, आणि सहा जणांच्या रेषेची चौपट म्हणजे १,७२,६०० डॉलर. दादा-वहिनी दोघं आयटीत असतील तर त्याच्या पुढे असणार. २०२१ पासून चौपटीच्या वरच्यांनाही केंद्राची थोडी सवलत होती, तीही २०२५ अखेर संपली.

मुलुंडची_मनू

बापरे. दोघं आयटीत. मुलं दोन. तुम्ही आमच्या घरात कॅमेरा लावलाय का?

मुलुंडचा फ्लॅट भाड्याने दिला तर उत्पन्न रेषेच्या वर जाईल का? बाबांना आज जेवताना विचारलं. ते म्हणाले, गरीब ठरू नये म्हणून भाडेकरू ठेवायचा, असं आयुष्यात पहिल्यांदा ऐकतोय.

पार्ल्याची_आकडेमोड

बाबांना नमस्कार सांगा.

मुलुंडला टूबीएचकेचं भाडं ४५-५० हजार धरलं तरी एकूण १३ लाखांच्या आसपास. शिवाय तिकडच्या हिशेबात भाड्यातून घसारा, सोसायटीचा मेंटेनन्स, मालमत्ता कर वजा होतो. १९ लाखांना पोचत नाही. दादर-शिवाजी पार्कचा मोठा फ्लॅट असलेले माझे दोन अशील मात्र भाड्यामुळे रेषा ओलांडतात. त्यांना सवलत मिळते. ज्याच्याकडे दादरला घर त्याला मदत, ज्याच्याकडे डोंबिवलीला त्याला नाही. कायदा करणाऱ्यांच्या मनात हे नसेल, पण मुंबईतून पाहिलं की असंच दिसतं.

एफडी मोडली तर ती रक्कम उत्पन्न नव्हे, व्याज तेवढं उत्पन्न. आणि कुणी एजंट "अंदाजे २२ हजार लिहा, कोण बघतंय" म्हणाला तर त्याला दारातूनच परत पाठवा. खोटा अंदाज लिहिणं गुन्हा आहे, आणि २०२६ पासून जादा घेतलेली सवलत रिटर्नच्या वेळी पूर्ण परत करावी लागते. आधी त्यावर कमाल मर्यादा होती, ती काढली.

अवांतर: इथल्या सगळ्या बँक खात्यांची बेरीज वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर गेली असेल तर तिकडे त्याची वेगळी माहिती द्यावी लागते. एफडी धरून. यावर नंतर स्वतंत्र धागा काढा, लिहीन.

शिवाजी_मंदिरासमोर

महिना दोन हजार डॉलर म्हणजे १ लाख ८० हजार रुपये. वर्षाचे साडेएकवीस लाख. एवढ्या पैशात बाबांची बायपास मुंबईत चांगल्या हॉस्पिटलात दोन-तीनदा होईल. माझं स्पष्ट मत: विमा नको. काही झालंच तर इमर्जन्सीला तिकडे कुणाला हाकलत नाहीत, १९८६ पासून कायदा आहे. बाकी दुखण्यांसाठी मुंबईचं तिकीट काढायचं.

डॉक्टर_शेजारी

कायदा आहे. तो म्हणतो, इमर्जन्सीत तपासा आणि स्थिर करा. बिल माफ करा असं म्हणत नाही. पुढची अँजिओग्राफी, कार्डिअ‍ॅक रिहॅब, औषधं त्यात येत नाहीत. स्ट्रोक झालेल्या माणसाला 'मुंबईचं तिकीट' काढून बसवता येत नाही. एअरलाइन फिट-टू-फ्लाय मागते, स्ट्रेचर लागला तर खर्च विचारू नका. दादरच्या एका कुटुंबाला मी यातून जाताना पाहिलंय. शेवटी मुलाने तिकडे हॉस्पिटलच्या बिलिंगशी वर्षभर भांडण केलं.

एडिसनचा_गिरगावकर

शिवाजी_मंदिरासमोर, न्यू जर्सीत हॉस्पिटलांचं चॅरिटी केअर आहे, कमी उत्पन्नवाल्यांची बिलं त्यात माफ किंवा कमी होतात. खरोखर उपयोगी आहे आणि विमा असतानाही उरलेल्या रकमेला अर्ज करता येतो. पण ते हॉस्पिटलच्या बिलापुरतं. डॉक्टर, भूलतज्ज्ञ, रेडिओलॉजी यांची बिलं वेगळ्या पाकिटांतून येतात, त्यांना ते बांधील नाही. शिवाय न्यू जर्सीत २०१९ पासून विमा नसेल तर राज्याच्या टॅक्समध्ये दंड आहे.

विम्याकडे हप्ता वसूल होतो का म्हणून बघू नका. २०२६ मध्ये नेटवर्कमधल्या (विमा कंपनीशी करार असलेल्या हॉस्पिटल-डॉक्टरांकडच्या) उपचारांना एका माणसाच्या खिशातून वर्षाला जास्तीत जास्त १०,६०० डॉलर जाऊ शकतात, पुढचं सगळं कंपनीचं. बिल तीन लाख होवो की तीस. तुम्ही ते छप्पर विकत घेताय. फक्त 'नेटवर्कमधल्या' हे शब्द लक्षात ठेवा. न्यू जर्सीत वैयक्तिक प्लॅन बहुतेक नेटवर्कपुरतेच असतात. घराजवळचं हॉस्पिटल आणि एक हृदयरोगतज्ज्ञ यादीत आहे का, हे फोन करून विचारा, वेबसाइटवरच्या याद्या शिळ्या असतात.

बाबांसारख्या माणसाला ब्रॉन्झ की गोल्ड, हा हिशेब कागदावर करा. बारा महिन्यांचे हप्ते अधिक १०,६००, ही त्या प्लॅनची सर्वात वाईट वर्षाची किंमत. सवलत नसेल तर पुष्कळदा ब्रॉन्झच निघतो. आणि चर्चशी संबंधित 'शेअरिंग'वाल्या स्वस्त योजना फेसबुकवर दिसतील. तो विमा नव्हे. जुने आजार नाकारतात आणि पैसे देणं त्यांच्यावर बंधनकारक नसतं.

निवृत्त_टीसी

मनूताई, सगळे तिकडचं बोलतायत, मी इकडचं बोलतो. मध्य रेल्वेतून निवृत्त झालो. मुलगा डॅलसला आहे. मी आणि मंडळी अधूनमधून जातो, ग्रीनकार्ड आहे, पण भायखळ्याचं रेल्वे हॉस्पिटल आणि उमीद कार्ड (रेल्वेचं वैद्यकीय ओळखपत्र) काही सोडलेलं नाही. तिकडे डॉक्टरची तारीख दोन महिन्यांनी मिळते. भायखळ्याला सकाळी जाऊन दुपारी रिपोर्ट घेऊन घरी.

तुमच्या बाबांचा मेडिक्लेम कुठल्याही परिस्थितीत बंद करू नका. तिकडे करमलं नाही आणि वर्षाने परत आले, असं किती जणांचं झालंय. ७२ व्या वर्षी स्टेंटवाल्याला नवीन पॉलिसी कोण हसत देणार?

पार्ल्याची_आकडेमोड

काकांना शंभर टक्के अनुमोदन. एप्रिल २०२४ पासून विमा नियामक आयआरडीएआयने वयाची अट काढली, त्यामुळे ७२ ला कंपनी वयावरून दार लावू शकत नाही. पण नव्या पॉलिसीत जुन्या आजारांना तीन वर्षांपर्यंत प्रतीक्षाकाळ लावता येतो. तुमच्या पॉलिसीचा तो कधीच संपलाय. सलग पाच वर्षं झालेली पॉलिसी, सिद्ध झालेली फसवणूक सोडली तर, माहिती लपवली म्हणून नाकारताही येत नाही. ही कमाई एका चुकलेल्या हप्त्यात जाते. वार्षिक पॉलिसीला ३० दिवसांची सवलतीची मुदत असते, त्यावर भरवसा नको. शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी शून्य झालाय, म्हणजे यंदाचा हप्ता थोडा हलका लागेल.

निवासी दर्जा बदलल्याचं कंपनीला लेखी कळवा. पत्रव्यवहाराचा पत्ता आणि मोबाइल तुमचा द्या. ओटीपी न्यू जर्सीत पोचला नाही म्हणून नूतनीकरण राहिल्याचं प्रकरण माझ्याकडे आलंय.

डॉक्टर_शेजारी

निघण्याआधीचं थोडं लिहितो, कारण हे कुणी सांगत नाही.

दात. मार्केटप्लेसच्या प्लॅनमध्ये मोठ्यांचे दात सहसा नसतात. रूट कॅनल, कॅप, कवळी जे असेल ते मुलुंडलाच उरका. मोतीबिंदू पिकत आला असेल तर तोही. श्रवणयंत्र लागणार असेल तर इथूनच.

औषधं तीन महिन्यांची, मूळ पट्ट्यांत, चिठ्ठीसह. चिठ्ठीवर ब्रँड नको, औषधाचं मूळ नाव हवं. तिकडच्या फार्मसीत ग्लायकोमेट म्हटलं तर कुणाला कळणार नाही, मेटफॉर्मिन म्हटलं की लगेच मिळेल, आणि स्वस्त मिळेल. काही दुकानांत महिनाभराचं विम्याशिवाय चार डॉलरला. टेल्मा म्हणजे टेल्मिसार्टन, इकोस्प्रिन म्हणजे अ‍ॅस्पिरिन. बाबांची साखरेची गोळी ग्लायकोमेट जीपी असेल तर त्यात ग्लिमेपिराइडही आहे, दोन्ही नावं लिहून घ्या. मिश्र गोळी तिकडे तशीच मिळेल असं नाही, दोन वेगळ्या देतील.

स्टेंटचं कार्ड. अँजिओप्लास्टीनंतर हॉस्पिटल देतं, त्यावर स्टेंटची कंपनी, आकार, कुठल्या रक्तवाहिनीत, तारीख. नव्वद टक्के पेशंट ते हरवतात. नसेल तर डिस्चार्ज समरीची प्रत हॉस्पिटलच्या रेकॉर्ड विभागातून काढा. जुना ईसीजी आणि टूडी इकोचा रिपोर्ट फोनमध्ये ठेवा. तिकडे इमर्जन्सीत जुना ईसीजी दाखवता आला तर निम्म्या तपासण्या वाचू शकतात.

चाळीतला_सदस्य

वाचनखूण साठवली. स्टेंटचं कार्ड वडिलांच्या कपाटात शोधतोय, एलआयसीच्या पावत्या सापडल्या, कार्ड नाही.

शिवाजी_मंदिरासमोर

ठीक, विमा नकोच हे माझं म्हणणं मागे ठेवतो. पण एक पर्याय कुणी मांडला नाही. व्हिसाच्या मुदतीत एकदा जाऊन यायचं, तिथे असतानाच री-एंट्री परमिटचा (बराच काळ बाहेर राहूनही ग्रीनकार्डवर परत येता यावं म्हणूनचा परवाना) अर्ज करायचा, बोटांचे ठसे देऊन मुंबईला परत. दोन वर्षांपर्यंतचं परमिट मिळतं. बाबा-आई इथल्या मेडिक्लेमवर इथेच, आणि जायचं की नाही ते शांतपणे ठरवायचं. काय घाई आहे?

एडिसनचा_गिरगावकर

चांगला पर्याय आहे, गंमत नाही. पण दोन गोष्टी. मेडिकेअरसाठीची सलग पाच वर्षं मुंबईत बसून भरत नाहीत. आणि जितके उशिरा जातील तितकं वय पुढे. ७३ ला जाऊन पाच वर्षं मोजण्यापेक्षा ७१ ला मोजायला लागलेलं बरं, जर खरंच राहायचं असेल तर. आईबाबांना तिकडे राहायचंय का, हे कुणी विचारलंय का?

मुलुंडची_मनू

विचारलं. आईला नातवंडांजवळ राहायचंय, ठाम. बाबा म्हणाले, "एक हिवाळा काढून सांगतो."

दादाशी काल रात्री तासभर बोलले. त्याने हा धागा पूर्ण वाचला, हे विशेष. गेट कव्हर्ड एनजेचे मदतनीस फुकट असतात, त्यांची वेळ त्याने घेतली आहे. तिकीट मार्चअखेरचं निघालंय, २६ ला उतरतील. सहा दिवसांचा व्हिजिटर विमा घेतोय. दादा ब्रॉन्झकडे झुकलाय, वहिनी गोल्ड म्हणतेय, तो हिशेब त्यांनी करावा. इथला फ्लोटर मी काल भरला, जीएसटीची ओळ खरंच शून्य होती. आईची दोन दातांची कामं सुरू झाली.

आता नवीनच. बाबांचं पेन्शन. दर वर्षी नोव्हेंबरमध्ये बँकेत जाऊन हयातीचा दाखला देतात. तिकडून कसा द्यायचा?

निवृत्त_टीसी

न्यू जर्सी न्यूयॉर्कच्या भारतीय कौन्सुलेटच्या हद्दीत येतं, तिथून दाखला मिळतो. पासपोर्ट आणि पीपीओची (पेन्शन मंजुरीचा आदेश) प्रत बरोबर न्यायची. पण महापालिकेचा स्वतःचा नमुना असेल तर तो निघण्याआधी पेन्शन विभागातून कोरा घेऊन ठेवा, दोन प्रती. आणि बँकेच्या मॅनेजरला आत्ताच भेटून विचारा, तो कौन्सुलेटच्या सहीचा कागद पोस्टाने स्वीकारणार की तुम्ही स्वतः नेऊन द्यायचा. नेऊन द्यायचा असेल तर अधिकारपत्र बाबांच्या सहीने इथेच करून घ्या.